नानांचा होकार

वेल्हे
(तारीख मुद्दाम वर घातलेली नाही. शेवटी घालीन.)

प्रिय वसंता,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू आधी ते उलटंपालटं करशील, मयताच्या पत्रासारखा कोपरा फाडलेला आहे का बघशील आणि मगच उघडशील, हे मला इथे बसून दिसतंय. कोपरा फाडलेला नाही. तेव्हा आधी बस, पाणी पी आणि मग वाच. पत्र लांबणार आहे. वर्षभराचं साठलंय, आणि तुला ठाऊकच आहे, मला थोडक्यात बोलता येत नाही. आलं असतं तर सासरी दोन दिवस जास्त टिकले असते, असं आई म्हणायची.

तुझं कार्ड संक्रांतीनंतर आलं. शुभी गेल्याची तार मिळाली, लगेच निघालो, कात्रजचा घाट उतरलो आणि पुढे येववेना म्हणून परत फिरलो, असं तू लिहिलं होतंस. आणि खाली, 'मी घरी येऊ का? नानांनी हो म्हटलं तर येईन. त्यांच्या होकाराशिवाय उंबऱ्यात पाय ठेवणार नाही.' मेल्या, घाट उतरलास म्हणजे निम्मी वाट आलास की! इकडे धाकट्या बहिणीला चौघं जण नीरेकडे नेत होते आणि सख्खा भाऊ रस्त्याच्या कडेला पुण्याकडे जाणाऱ्या मोटारीची वाट बघत उभा. मी इतकी संतापले की ते कार्ड चुलीतच घालणार होते. नानांनी हात पुढे केला. वाचलं, उपरण्यानं चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, 'बघू.' त्यांचं 'बघू' तुझ्या माझ्या ओळखीचं आहे. संस्थानच्या कचेरीत तीस वर्षं त्यांनी अर्जदारांना तेच सांगितलं. मी दर भेटीत विचारायची, वसंताला काय लिहू? बघू. चार महिने त्या 'बघू'त गेले.

आम्ही आता वेल्ह्यात आहोत. भोरच्या बिऱ्हाडात नानांचं मन लागेना. शुभीची खाट ज्या खिडकीशी होती तिथे ते जाऊन बसायचे आणि मी बोलावलं तरी उठायचे नाहीत. माघात आपली शेती कसणारा रखमाजी भात पोचवायला आला होता, तो म्हणाला, 'चला नाना हितं ऱ्हाऊन काय करताय, तिकडं वारं तरी हाय.' आणि काय आश्चर्य, नाना लगेच उठले. आपल्या दोन खाचरांच्या वरच्या अंगाला रखमाजीनं स्वतःच्या घराला लागून एक पडवी काढून दिली आहे, तिथे असतात. शाळेला सुट्टी लागल्यापासून मीही इथेच आहे. समोर तोरणा, खाली नदी, हवा उत्तम. पण नानांना हवेनं भागेल असं राहिलेलं नाही. पायांवर सूज आहे, दोन पावलं टाकली की धाप लागते. जेवणात म्हणशील तर साळूबाईच्या हातची नाचणीची आंबील तेवढी घेतात. हो, साळूबाईच्या हातची! रखमाजीच्या बायकोचा हात हंड्याला लागला तर सगळं पाणी ओतून देणारे आपले नाना. ती वाटी पुढे करते, 'घ्या नाना, वाईच तरी घ्या, पोटात काय न्हाई म्हंजी कसं व्हायचं,' आणि ते मुकाट्यानं घेतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी आत जाऊन रडले. आपला माणूस इतका बदलला की भीतीच वाटते बघ.

इथे बसून मी सारखी मागच्या वर्षीचा गुढीपाडवा आठवते. तू आला होतास, श्रीखंड केलं होतं, शुभीला दोन दिवस ताप नव्हता. आईचं सोनं मोडून घेतलेले ते गिरणीचे शेअर युद्धामुळे वर चढत होते आणि नाना रोज वर्तमानपत्रात आधी भाव आणि मग युद्ध वाचत होते. शुभीला आरोग्यधामात जागा आषाढात मिळणार होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, छातीचं दुखणं आहे, निदान दोन वर्षं तिथे ठेवली तर पोर हाती लागेल. शेअर तेव्हाच विकले असते तर एका वर्षाची सोय होत होती. भाव असाच चढला तर दोन्ही वर्षांची. म्हणून नाना थांबले होते. आणि तू, मुंबईत तुझ्या पेढीवर दिवसभर तोच बाजार बघणारा, मान हलवत होतास. म्हणालास, चढतोय तो पडतोही, आणि युद्धातला बाजार पडला की शिडीनं उतरत नाही, माडीवरून पडतो.

मग जेवताना तू ते मंदी लावण्याचं सांगितलंस. मला हिशेबातलं काही कळत नाही, पण ते मात्र कळलं, कारण तू पानातल्या भाताची मूद मध्ये ठेवून समजावलं होतंस. हा आपला माल. आजच्या भावाला अमुक तारखेपर्यंत तो विकायचा हक्क आपण एखाद्या सटोडियाकडून विकत घ्यायचा. त्याला त्याबद्दल थोडा नजराणा द्यायचा, तो मात्र परत मिळायचा नाही. भाव चढला तर नजराणा गेला म्हणायचं आणि बाजारात चढ्या भावानं विकायचं. पडला, कितीही पडला, तरी त्या माणसानं ठरल्या भावानं घेतलंच पाहिजे. म्हणजे वर जायला वाट मोकळी आणि खाली पडायला अडसर. नाना घास हातात धरून ऐकत राहिले आणि एकदम भडकले. 'म्हणजे आपलं वाटोळं व्हावं म्हणून आपणच पैसे मोजायचे? सणाच्या दिवशी हे अभद्र?' तू ती मूद मोडून भात कालवू लागलास. बोलली ती शुभी. म्हणाली, 'नाना, रखमाजी चैत्रातच इरलं विणून ठेवतो, ते काय पूर यावा म्हणून?' त्या पोरीपुढे त्यांचं कधी काही चाललं का? तेव्हाही नाही चाललं.

नजराणा मी माझ्या शाळेच्या पगारातून दिला. हे बोलून दाखवत नाही, पुढचं सांगायचं म्हणून लिहिते. मी दिला आणि मला त्याचा इतका आनंद झाला होता वसंता, की आयुष्यात पहिल्यांदा मी कुणासाठी काहीतरी खरोखरचं विकत घेतलंय असं वाटलं. आणि मग नानांनी तुला देवापुढे नेलं. म्हणाले, कचेरीत माझ्या सहीशिवाय कागद हलला नाही, हे तर तुझ्या आईचं सोनं आहे. विकायची वेळ येईल तेव्हा माझा 'हो' आल्याशिवाय विकायचं नाही, उचल बेल. तू देव्हाऱ्यातलं बेलाचं पान उचललंस. मी समईला तेल घालत होते. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. बाप मुलाकडून शब्द घेतो, मुलगा देतो. आपल्या घरात काय, आळीतल्या कुठल्याही घरात असंच झालं असतं.

पुढे बाजार तू म्हणाला होतास तसाच माडीवरून पडला. फ्रान्सच्या बातम्या येऊ लागल्या आणि वर्तमानपत्रातला आपल्या गिरणीचा आकडा रोज खाली. शेजारच्या सगुणाबाईंच्या जावयाचे शेअर होते, ते गृहस्थ डोक्याला हात लावून ओट्यावर बसलेले असायचे. आणि नाना? नाना निवांत! ते तुला कुणी सांगितलेलंच नाही. आकडा वाचायचे, शुभीच्या खाटेशी जायचे आणि म्हणायचे, 'झोप गं निवांत. आपल्याला खाली अडसर आहे.' सगुणाबाईंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, 'आमच्या वसंतानं आधीच मंदी लावून ठेवलीय. पोराला अक्कल आहे.' तुझ्या तोंडावर त्यांनी तुला कधी शाबासकी दिली नाही, म्हणून हे इथे लिहून ठेवते. ते दोन-तीन आठवडे तुझ्यामुळे आमच्या घरात सुखाचे गेले. बाहेर सगळे घाबरलेले आणि आपल्या घरात शुभी आरोग्यधामात न्यायची लुगडी निवडत बसलेली.

आणि मग वायद्याचा शेवटचा दिवस आला. तो नेमका वैशाखातल्या अमावास्येला आला. मी त्या दिवशी भोरला नव्हते, भाताच्या बियाण्याचं बघायला इथे वेल्ह्याला आले होते. मिरग तोंडावर आलेला आणि रखमाजीचे बैल दावणीला नुसते उभे. मी म्हटलं, का रे, आज औत नाही? म्हणाला, 'आवस हाय ताई. आवसंला बैलाच्या मानंवर जू ठिवायचं न्हाई. पाऊस आवस बघत न्हाई, पर मानसानं बघावी.' मला ते इतकं आवडलं! मी साळूबाईच्या अंगणात बसून करवंदं खात होते आणि मनात म्हणत होते, काय शहाणी माणसं, मुक्या जनावरालाही हक्काची सुट्टी. त्याच वेळी भोरला काय चाललं होतं ते मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोचल्यावर कळलं. काही शुभीनं सांगितलं, काही सगुणाबाईंनी. तुला ते आजवर कुणीच सांगितलेलं नाही, म्हणून नीट वाच.

तुझी तार आदल्या दिवशी संध्याकाळी आली. 'विकू का, उद्या दुपारच्या आत हो कळवा.' तारवाला दारात दिसताच सगुणाबाईंनी गळा काढला. त्यांच्या मते तार म्हणजे मयतच. आळी गोळा झाली. नानांनी उघडली, वाचली आणि हसले, असं शुभी म्हणाली. 'वसंता खुशाल आहे, नुसतं हो विचारतोय.' सगळे हसत घरी गेले. तारघर बंद झालेलं होतं, तेव्हा उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळीच जाणार होतं. नानांनी पंचांग काढलं. उद्या अमावास्या, त्यातून शनैश्चर जयंती. पंचांग मिटून म्हणाले, 'तुमच्या आईच्या सोन्याचा निकाल मी शनीच्या अमावास्येला लावणार नाही. त्यातून औषध आणायचंय पोरीला, ते पैसे लागू कसे पडतील? परवा ज्येष्ठाची प्रतिपदा आहे. उजाडताच तार करतो.' शुभी म्हणाली, नाना, दादानं दुपारच्या आत म्हटलंय. नाना म्हणाले, 'अगं, दोन महिने थांबलेला माणूस एक दिवस थांबत नाही होय? व्यवहारात माणुसकी असते.' कचेरीत अमावास्येला कुणी मोठ्या व्यवहाराची सही करत नसे आणि उद्यावर टाकलेल्या कागदानं कुणाचं काही बिघडत नसे. नानांना वाटलं, मुंबईचा बाजारही आपल्या कचेरीसारखाच असणार.

सकाळी ते मारुतीच्या देवळात गेले, शनीला तेल घालायला. शुभीसाठी. आणि ते गेल्यावर शुभी उठली. अंगात ताप होता, तरी लुगडं बदललं, डोक्यावरून पदर घेतला आणि तारघराकडे निघाली. तुला 'हो' कळवायला. नानांच्या नावानं तार ठोकणार होती. मला म्हणाली, 'अक्का, मी म्हटलं नंतर काय मारायचं ते मारोत, आधी तार तर जाऊ दे.' चौकाच्या पलीकडे गेली असेल नसेल, खोकल्याची उबळ आली आणि ती एका ओट्यावर बसली. पदराला रक्त लागलं. तिथून ती उठू शकली नाही. सगुणाबाई भाजी घेऊन येत होत्या, त्यांनी धरून घरी आणली. नाना देवळातून परत आले तर पोर खाटेवर, पदर रक्तानं माखलेला आणि दुपार कधीच टळून गेलेली. ती आपल्या जिवासाठी स्वतः निघाली होती रे. हे मला कुणाशी बोलता येत नाही.

प्रतिपदेला उजाडताच नानांची तार गेली, 'हो.' तुझं कार्ड मागून आलं. तू दिवसभर पेढीवरून तारघरात आणि तारघरातून पेढीवर करत होतास. तो मंदी खाल्लेला, म्हणजे आपला नजराणा घेतलेला सटोडिया पुन:पुन्हा विचारत होता, बोला, देताय का माल? आणि तुझ्या हातात बेलाचं पान. वायदा संपल्यावर त्यानं तुला चहा पाजला म्हणून लिहिलं होतंस. त्या चहाचं वाचून नाना जे आत गेले ते रात्री जेवायला आलेच नाहीत. शेअर पुढे मिळेल त्या भावानं गेले. तो माणूस काही लबाड नव्हता, त्यानं आपलं काही बुडवलं नाही, हेच तर दु:ख आहे. भांडायला जावं तर कुणाकडे? सगळं ठरल्यासारखं झालं. इरलं विणलेलं होतं, खुंटीला टांगलेलं होतं, आणि पावसात आम्ही ते घेतलंच नाही.

आषाढात आरोग्यधामाचं पत्र आलं, जागा रिकामी आहे, घेऊन या. हाती आलेल्या पैशांत भागणार नव्हतं, नानांनी नकार लिहिला. शुभी म्हणाली, 'बरंच झालं, तिथे म्हणे कच्ची अंडी खायला घालतात. धर्म बुडाला असता.' सगळे हसलो. तिनं कधी कुणाला एका शब्दानं बोल लावला नाही. नाना तिच्याशी बोलायचे तेव्हा त्यांची नजर खाली असायची आणि ती मुद्दाम त्यांना भांडायला लावायची, सोंगट्यांत लबाडी करायची, म्हणजे ते ओरडतील आणि वर बघतील. दिवाळीला तुझी वाट पाहिली. मनीऑर्डर आली, तू आला नाहीस. भाऊबीजेला संध्याकाळी तिनं मला तबक तयार करायला लावलं. म्हटलं, अगं कुणाला ओवाळतेस? म्हणाली, 'भाऊ दूर असला की चंद्राला ओवाळतात ना? मग चल.' मी तिला धरून अंगणात नेली. चंद्राची बारीक कोर, तीही खाली उतरलेली. तबक तिला पेलवेना, म्हणून मी खालून हात लावला. ओवाळून झाल्यावर म्हणाली, 'दादाला काय वाटतं, मी रागावलेय? त्याला सांग, तो माझा एकच भाऊ आहे, दुसरा आणू कुठून रागवायला?' हा तिचा निरोप. मी तेव्हाच लिहायला हवं होतं, पण मला वाटलं, तू येशील तेव्हा सांगीन. मार्गशीर्षात ती गेली.

आता खरं ऐक. तुला वाटतं, नाना तुला दोष देतात. शपथ मोडून मी विकायला हवं होतं, असं तू त्या जूनमधल्या कार्डात लिहिलं होतंस आणि त्यानंतर घरी आलाच नाहीस. आणि नानांना वाटतं, तू त्यांना दोष देतोस आणि ते योग्यच आहे. फाल्गुनात मी एकदा हट्टच धरला, त्या पोराला हो लिहा म्हणून. तर म्हणाले, 'मी कोण हो म्हणणारा? ज्या दिवशी म्हणायचं होतं त्या दिवशी म्हटलं नाही. आता कुठल्या तोंडानं म्हणू?' तू तिकडे होकाराची वाट बघत बसलास आणि हे इकडे, आपला होकार बाटलाय म्हणून तोंड मिटून बसले. दोघंही एकाच मुशीतले, हट्टी! मध्ये मी. मला कुणी विचारलं नाही, अक्का, तुला कसं वाटतं. मला फार एकटं वाटतं वसंता. मी रोज दोन मुक्या माणसांशी बोलते, त्यातलं एक मुंबईला आहे.

या वर्षी पाडव्याला नानांनी पंचांगच आणलं नाही. इतक्या वर्षांत प्रथमच. गुढी उभारायची नव्हतीच, पण पंचांगसुद्धा नको म्हणाले. त्यामुळे तिथी इथे आम्हांला रखमाजीच्या बैलांवरूनच कळते.

तशी ती आज कळली. सकाळी नाना पडवीत पडले होते. पहाटे धाप फार लागली होती. काल नसरापूरचे वैद्य येऊन गेले. मला बाजूला घेऊन म्हणाले, औषध आता पुष्कळ झालं, जवळची माणसं बोलावून घ्या. मी काही नानांना सांगितलं नव्हतं, पण त्यांना काय कळत नाही? बैल दावणीला उभे होते. नानांनी विचारलं, 'रखमाजी, आज औत का नाही रे?' तो म्हणाला, 'आवस हाय नाना. वैशाखातली.' साळूबाईनं आंबील आणली, ती नको म्हणाले. मग मला हाक मारली. 'सौदामिनी, वसंताचं कार्ड काढ आणि त्याला लिही, हो.' मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हटलं, लिहिते नाना, आणि तार करायला कुणाला तरी भोरला पाठवते. म्हणाले, 'तार नको. तार पाहिली की तो समजेल मी गेलो, आणि पुन्हा कात्रजहून परत फिरेल. पत्रच लिही. सगळं लिही.' बरं म्हटलं, लिहून ठेवते, उद्या सकाळी गाडी नसरापूरला जाईल, तेव्हा टाकते. तर वसंता, गेले तीन दिवस ज्यांना कुशीवर वळवायला दोघं लागतात ते नाना कोपरावर उठून बसले आणि माझं मनगट धरून म्हणाले, 'उद्या नाही. आज.' रखमाजी दारातच उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, नानांकडेही नाही. खुंटीवरचं जू काढलं, बैलांजवळ गेला, त्यांच्या मानेवरून हात फिरवला आणि 'आजच्या दिसाला माफी करा रं बाबांनो' म्हणत गाडी जुंपली. ती दारात उभी आहे. मी हे पडवीत लिहितेय आणि नाना पडल्या पडल्या माझ्या हाताकडे बघतायत, झालं का म्हणून. झालं. नानांचा हो आहे. आता तू दुपार टळू देऊ नकोस.

गाडी खोळंबलीय म्हणून थांबणारी, तुझीच

अक्का

वैशाख वद्य अमावास्या